कमिशनरसाहेब पाणी प्यायले

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो पाणी गाळण्याच्या आवाजाने. आईला आम्ही अव्वा म्हणत असू. सांगलीकडच्या जैन घरांत कानडी असं न विचारता आत आलेलं असतं. अव्वा घागरीच्या तोंडावर धुतलेलं जाड कापड दुपदरी करून बांधायची आणि विहिरीचं पाणी त्यावर इतकं सावकाश ओतायची की ऐकणाऱ्याला पुन्हा झोप लागावी. गाळून झालं की त्या कापडात अडकलेले, न दिसणारे जीव परत त्याच विहिरीत सोडायचे. तेही वरून फेकायचे नाहीत, पोहऱ्यातून अलगद खाली पोचवायचे. न गाळलेल्या पाण्याचा घोट नाही आणि दिवस बुडाल्यावर अन्नाचा कण नाही, हे आमच्या घरातले दोन कायदे, आणि त्यांवर अपील नव्हतं. घराला लागूनच वडिलांचं हळदीचं दुकान. हंगामात पोत्यांची चढउतार सुरू झाली की घरातलं सगळं पिवळं व्हायचं, उशा, शाळेची पुस्तकं, मांजरसुद्धा. पुढे मी वकील झालो तेव्हा माझ्या गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्याही पिवळसरच असत. हे गृहस्थ लग्नाच्या हळदीवरून उठून कोर्टात आले काय, असं साताऱ्याच्या वकिलांच्या खोलीत कुणीतरी विचारलंही होतं.

घराण्यातला मी पहिला वकील. दुकानात बसलो की माझी वजनं चुकायची, म्हणून वडिलांनीच मला कायद्याकडे लोटलं. तिथे चुकलं तर निदान दुसऱ्याचं चुकेल, असा त्यांचा व्यापारी हिशेब असावा. सांगलीत तेव्हा संस्थानचं कोर्ट होतं आणि तिथे वकिली करणं सोयीचं होतं, पण मला ते नको होतं. सांगलीत मी कितीही कलमं तोंडपाठ म्हटली असती तरी हळदवाल्यांचा धाकटाच राहिलो असतो. म्हणून मी साताऱ्याला गेलो आणि बापूसाहेबांच्या हाताखाली राहिलो. बापूसाहेब तिथले जुने, मातब्बर वकील. त्यांच्याच घरी, माडीवरच्या खोलीत माझी राहण्याची सोय झाली. पक्षकार सकाळपासून ओसरीवर बसलेले असत. त्यांच्या पायताणांचा ढीग, तंबाखूचा वास, आणि मधूनच कुणाचं तरी 'आमचं कवा निगंल?' हे सगळं जिन्यावरून वर येई. काकू, म्हणजे बापूसाहेबांच्या पत्नी, माझ्यासाठी दिवस बुडायच्या आत वेगळं ताट वाढत. बापूसाहेबांचं काम नेमकं दिवेलागणीला रंगात येई. त्यामुळे भर चर्चेत मी खिडकीतून सूर्याकडे बघत असे आणि बापूसाहेब म्हणत, "जा बाबा, तुझा मुन्सफ उठायला लागला."

वकिली म्हणून मी तिथे काय केलं असं आज कुणी विचारलं तर उत्तर देताना मला खोकला येतो. कोर्टात उभं राहून 'बापूसाहेब वरच्या कोर्टात गुंतले आहेत, पुढची तारीख मिळावी' हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की मुन्सफसाहेब, म्हणजे तिथले न्यायाधीश, मला बघताच तारखेच्या वहीकडे हात नेत. एकदा मी खरोखरच काही कायद्याचं बोलायला उभा राहिलो, तर त्यांनी तोंड उघडायच्या आत मला तारीख देऊन टाकली. आणि मला तर वाटायचं की न्यायदेवता सांगलीहून माझीच गाडी येण्याची वाट बघत थांबली होती. काळ्या अल्पाकाचा कोट मी उन्हाळ्यातही उतरवत नसे. त्या कोटाने मला जेवढा त्रास दिला तेवढा पुढे कुठल्याच विरोधी वकिलाने दिला नाही.

अशात एके दिवशी मुन्सफसाहेबांनी मला कमिशनर नेमलं. शब्द मोठा आहे, काम साधं. वादाची जागा न्यायाधीशांना स्वतः जाऊन बघणं जमत नाही, तेव्हा एखाद्या रिकाम्या वकिलाला पाठवतात. त्याने दोन्ही पक्षांसमोर जागा मोजायची, नकाशा काढायचा आणि अहवाल द्यायचा. मी रिकामा होतो यावर कोर्टात कुणाचंच दुमत नव्हतं. वाद कोरेगावच्या पलीकडच्या एका गावातल्या विहिरीचा होता. वादी तानूबाई नावाची विधवा. तिचा नवरा पलटणीत होता, तो लढाईत परमुलखात गेला तो परत आलाच नाही. प्रतिवादी त्याचा चुलतभाऊ गणपत. तानूबाईचं म्हणणं, विहीर दोन घरांनी मिळून खणली, दोघांच्या दोन धावा होत्या, म्हणजे मोटेचे बैल ज्या उतारावरून मागेपुढे करतात त्या वाटा, आणि नवरा गेल्यावर गणपतने तिची धाव मातीने बुजवून तिची पाण्याची पाळी बंद केली. गणपतचं म्हणणं, विहीर एकट्या त्याच्या बापाची, तिथे दुसरी धाव कधी नव्हतीच, तो नुसता मातीचा ढीग आहे. पाळी गेली तर तानूबाईचं रान जिराईत होणार होतं, आणि मग पोरीला घेऊन कडेगावला भावाच्या दारात जाऊन राहण्यावाचून तिला दुसरी वाट नव्हती. तेव्हा ढीग म्हणायचं की धाव, एवढाच प्रश्न, आणि तो ठरवणार मी.

गणपतचे वकील तात्यासाहेब. साताऱ्याच्या बारमध्ये उलटतपासणीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी कैफियतीत लिहिलं होतं की वादीने या विहिरीतून आजवर पाण्याचा एक थेंबही घेतलेला नाही. आम्ही वकील लोक असंच लिहितो. पक्षकार येऊन सांगतो, 'मोट मारायचा तिला हक्क न्हाई', आणि आम्ही कागदावर थेंबापर्यंत पोचतो. पुढे न्यायाधीश झाल्यावर मी असे कितीतरी थेंब वाचले, आणि प्रत्येक वेळी मला ती विहीर आठवली.

निघायच्या आदल्या दिवशी बापूसाहेबांनी मला बसवून सांगितलं, "कमिशनर म्हणजे कोर्टाचा डोळा. आणि डोळ्याला तोंड नसतं, लक्षात ठेव. कुणाचं काही घ्यायचं नाही." एवढंच ते म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले. त्यांना म्हणायचं होतं की पंगतीला बसू नकोस. मी मात्र ते वाक्य महाव्रत म्हणून उचललं. काकूंनी दशम्या आणि कारळ्याची चटणी बांधून दिली. अव्वाने दिलेलं गाळणं माझ्यापाशी होतंच. त्यातून स्वतः पाणी गाळून मी फिरकीचा तांब्या भरून घेतला, कोट चढवला आणि लढाईच्या दिवसांतल्या त्या कोळशावर चालणाऱ्या मोटारीत बसून निघालो.

कोरेगावच्या स्टँडवर दोन बैलगाड्या माझी वाट बघत उभ्या होत्या, एक गणपतची, एक तानूबाईच्या भावाची. दोन्ही गाड्यांत सतरंजी, दोन्हींत तक्क्या. माझ्यापुढे घटनात्मक म्हणावा असा पेच पडला. एकाच्या गाडीत बसावं तर दुसरा म्हणणार, कमिशनर फितूर. मी थोडा वेळ विचार केला आणि दोघांनाही सांगितलं, "मी चालत येणार."

"आवं सायेब, लय लांब हाय," गणपत म्हणाला. चांगला उंच, दणकट गडी, पटका बांधलेला. "ऊन बगा की किती झालंया."

"कायद्याला ऊन लागत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी खरोखर म्हणालो. ते आठवलं की आजही मला एकटं असताना लाज वाटते.

आणि मग ती वरात निघाली. पुढे गणपतची रिकामी गाडी, मागे तानूबाईच्या भावाची रिकामी गाडी, आणि मधोमध धुळीत काळा कोट घालून, हातात तांब्या घेऊन मी. शेतातली माणसं काम थांबवून बघत होती. एका म्हातारीने गणपतला विचारलं, "कुनाला धरून न्ह्यालायस रं?" गणपतने खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं आणि म्हातारीने माझ्याकडे बघून हात जोडले, ते कीव म्हणून की मान म्हणून हे मला कळलं नाही. वाटेत तांब्या संपला. गावच्या शिवेवर पाटलांनी ताक पाठवलं, ते मी नाकारलं. गणपतच्या घरून गूळपाणी आलं, ते नाकारलं. तानूबाईच्या भावाने शेंगा पुढे केल्या, त्याही नाकारल्या. प्रत्येक नकारासरशी माझी मान आणखी ताठ होत होती आणि गुडघे आणखी सैल.

विहिरीवर सगळं गाव जमलं होतं. पूर्वेच्या धावेवर गणपतची मोट बांधलेली होती. समोर पश्चिमेला तो मातीचा वादग्रस्त उंचवटा, त्यावर एरंड उगवलेला. तानूबाई जरा बाजूला, डोक्यावरचा पदर दातांत धरून उभी होती. पायाशी घागर आणि दोर. मी फीत सोडली आणि मोजायला लागलो. ढिगाला विहिरीकडून शेताकडे सारखा उतार होता, कडेला बसवलेले दगड होते, मातीखाली फरसबंदीचा एक कोपरा दिसत होता. ही धावच होती, यात आंधळ्यालाही शंका आली नसती. मी टिपण करून घेतलं. उताराची लांबी मोजायला वर चढलो, आणि तिथून मला विहिरीच्या तळाशी पाणी दिसलं, निळं, गार. आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट मी पाहिली नव्हती. पुढचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. आभाळ एका बाजूला कललं, कुणीतरी 'धरा धरा' म्हणालं, आणि माझ्या पाठीखाली गरम माती आली.

डोळे उघडेनात, पण कान उघडे होते. गणपतचा आवाज अगदी जवळून आला. "आवं वैनी, बगताय काय? तुमच्या धावंवरनं सोडा घागर, तिकडं पानी निवळ हाय. हिकडं मोटनं गढूळ केलंया." मग दोराचा सरसर आवाज, घागर बुडाल्याचा, वर आल्याचा. माझ्या मानेखाली कुणाचा तरी राकट हात आला, तो गणपतचा. ओठांना गार तांबं लागलं, ती घागर तानूबाईची. मी प्यायलो. गटागटा, कोटावर सांडत, न गाळता, दोन्ही पक्षांच्या हातून एकदमच प्यायलो. कोर्टाचा नियम आणि अव्वाचा नियम एकाच घोटात बुडाले. गावातल्या कुणीतरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कमिशनरसायेब पानी प्याले." जणू काही लांबलेला मुहूर्त साधला.

परतीचा प्रवास मी गणपतच्या गाडीत, तक्क्याला टेकून केला. बापूसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, जाताना एकाच्या गाडीत बसायचं, येताना दुसऱ्याच्या. जेवण गावच्या देवळात, दोघांकडून निम्मा निम्मा शिधा घेऊन. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पाणी प्यायचं नाही असं कुणी सांगितलं तुला?" मी म्हणालो, "तुम्हीच म्हणालात, डोळ्याला तोंड नसतं." बापूसाहेबांनी पानाचा डबा मिटला. मग आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "ऐकलंत का, याला आधी पन्हं द्या." अहवालात मी धावेची मापं नीट दिली, दगड आणि फरसबंदी लिहिली, आणि माझ्या पडण्याबद्दल एवढंच लिहिलं की 'उष्म्यामुळे काम काही काळ स्थगित ठेवावे लागले.' काम स्थगित होतं हे खरंच. कामही आडवं होतं आणि कमिशनरही.

तात्यासाहेबांनी अहवालावर हरकत घेतली. कमिशनर वादीच्या हातचं पाणी प्यायले, सबब पक्षपाती, अहवाल रद्द व्हावा. आणि माझी उलटतपासणी मागितली. वकिलाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायचं म्हणजे न्हाव्याने दाढी करून घ्यायला खाली बसायचं. पट्टेवाल्याने माझ्या नावाचा पुकारा केला तेव्हा वकिलांची खोली रिकामी होऊन सगळे कोर्टात येऊन बसले होते. तानूबाई मागच्या भिंतीला टेकून उभी होती. अहवाल गेला तर तिची धावही गेली हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता याचंच मला जास्त वाईट वाटलं. मी गाडीत बसलो असतो तर त्या बाईवर ही वेळ आली नसती.

मुन्सफसाहेब जबान्या स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहून घेत, तेही सावकाश. त्यांच्या लेखणीच्या चालीने बोलावं लागे. म्हणजे प्रत्येक अपमान गिळायचा आणि तो कागदावर पूर्ण उतरेपर्यंत थांबायचं.

"आपण त्या दिवशी पाणी प्यालात?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"प्यालो." लेखणी कुरकुरली.

"कुणाच्या घागरीतलं?"

"वादी बाईंच्या."

"आपण जैन. घरी गाळल्याशिवाय पाणी घेत नाही म्हणे. हे गाळलं होतं?"

"नाही."

मागे खसखस पिकली. तात्यासाहेबांनी इथे खाली बसायला हवं होतं. काम झालं होतं, अहवाल बुडाल्यात जमा होता. पण समोर माझ्यासारखं सावज, भरलेलं कोर्ट आणि मागे हसू, हे सोडणं चांगल्या वकिलाला फार अवघड जातं. ते पुढे वाकून म्हणाले, "म्हणजे बाई घागर घेऊन आपल्या सेवेला हजरच होत्या. पाणी द्यायला त्यांना सांगितलं तरी कुणी? आपणच?"

"नाही," मी म्हणालो. "तुमच्या पक्षकाराने."

"माझ्या? काय सांगितलं माझ्या पक्षकाराने?"

ते मी अहवालात लिहिलं नव्हतं. लिहायचं तर मी त्या वेळी उताणा पडलो होतो हेही लिहावं लागलं असतं. पण आता शपथेवर विचारलं होतं. मी गणपतच्याच शब्दांत सांगितलं, "वैनी, तुमच्या धावंवरनं सोडा घागर, तिकडं पानी निवळ हाय." लेखणी थांबली. मुन्सफसाहेबांनी मान वर करून माझ्याकडे पहिल्यांदाच, तारीख न देता, पाहिलं. "पुन्हा सांगा," ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. 'तुमच्या धावंवरनं' पाशी त्यांनी लेखणी शाईत बुडवून घेतली.

तात्यासाहेब कसलेले होते. साक्षीदार बेशुद्ध होता, त्याला भास झाला, असं त्यांनी सुचवून बघितलं, आणि मला भास होऊ शकतो यावर कोर्टाचा सहज विश्वास बसण्यासारखा होता. दुपारी गणपतची जबानी होती. त्याने एवढंच म्हणायचं होतं की मी तसं बोललो नाही. तात्यासाहेबांनी प्रश्नही तसाच सोपा करून दिला. "गणपतराव, असं काही आपण म्हणाला नव्हतात ना?"

गणपत पटका सारखा करत उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मागे भिंतीशी उभ्या तानूबाईकडे. या खेपेला लेखणी त्याच्यासाठी थांबली होती.

"म्हनलो की," तो म्हणाला. "मानूस पडला व्हता उन्हानं. तवा कोरट कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय?" मग खाली बघत म्हणाला, "शिरपादादा आन मी मिळून बसवल्यात ती दगडं. त्यो माघारी आला असता तर मी बुजवली असती व्हय?"

शिरपादादा म्हणजे तानूबाईचा नवरा. तानूबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं. तात्यासाहेब हळूच खाली बसले आणि चष्मा पुसू लागले. मला त्या क्षणी रडू येत होतं आणि ते कोटाच्या बाहीत लपवायला मी खाली वाकलो, तर शेजारच्या वकिलाला वाटलं मला पुन्हा घेरी येतेय, आणि त्याने पट्टेवाल्याला पाणी आणायला पिटाळलं. निकाल तानूबाईच्या बाजूने लागला. पावसाळ्याआधी एरंड उपटून धाव मोकळी झाली आणि तिला तिच्या पाळीचं पाणी सुरू झालं, असं तिचा भाऊ सांगून गेला. माती काढायला गणपत स्वतः आला होता म्हणे.

साताऱ्याच्या बारने मला पुढे कधी माफ केलं नाही. मी खोलीत शिरलो की कुणीतरी गंभीर चेहऱ्याने पाण्याचा पेला पुढे करी. संस्थान विलीन झाल्यावर काही काळाने मी सांगलीच्याच कोर्टात न्यायाधीश होऊन बसलो. तिथेही पहिल्या दिवशी टेबलावर झाकण ठेवलेला तांब्या होता, आणि ही बातमी साताऱ्याहून कुणी पोचवली ते मला आजतागायत कळलेलं नाही. कमिशनर नेमताना मी मात्र प्रत्येक नव्या वकिलाला बजावून सांगत असे की गाडीत बसा आणि पाणी प्या. ते मान डोलवत आणि बाहेर जाऊन हसत. आता डॉक्टरही मला तेच सांगतो, पाणी भरपूर प्या, आणि वर फी घेतो.

पण मला खरी धास्ती होती ती अव्वाची. निकालानंतर सुट्टी लागताच मी सांगलीला गेलो. संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं, गाड्या, ऊन, घागर, पिंजरा. न गाळता प्यालो हे सांगताना माझा आवाज उलटतपासणीत होता त्याहून बारीक झाला. अव्वाचे हात थांबले. परातीत पीठ तसंच राहिलं. मी मान खाली घालून निकालाची वाट बघत बसलो.

"त्या बाईची पाळी मिळाली काय रं तिला?" तिने विचारलं.

"मिळाली."

"आन त्यो दीर? बोलतोय न्हवं तिच्यासंगं?"

"माती काढायला स्वतः आला होता म्हणतात."

अव्वाने भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. "मग बस जेवायला, दिवस बुडायला आलाय बघ," ती म्हणाली. "उद्याच्याला एक वेळ जेवून ऱ्हा."

एवढ्या वर्षांत मी किती निकाल ऐकले आणि किती लिहिले. त्यातल्या एकाही निकालाने मला इतकं मोकळं करून वर शिक्षाही दिली नाही. दुसऱ्या दिवशी मी एकदाच जेवलो.